कापून काढलेलं चिलखत

अहेरीपासून सहा कोसांवर, जंगलाच्या कडेच्या एका गावात मी पाच वर्षं मास्तर होतो. शाळेची एकच खोली, त्यात चार इयत्ता आणि शिकवणारा मी एकटा. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या मुलीला हिवतापाने गाठलं. सासरे येऊन बायकोला आणि मुलीला चांद्याला घेऊन गेले, ते त्यांना परत पाठवायचं नावच काढीनात. ताप मलाही दर वर्षी यायचा. क्विनाईनने कान गुणगुणत राहायचे, तोंडाची चव जायची. चौथीचं गणित संपवून पहिलीची बाराखडी घ्यायला वळलो की मधल्या चार पावलांत खाली बसावंसं वाटायचं. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. आता सत्तरी उलटल्यावर जो थकवा येतो, तो मला नवा वाटत नाही. त्याची माझी ओळख त्या गावातलीच.

दिवाळीनंतर तिथे मंडई, म्हणजे जत्रा, भरायची. आजूबाजूच्या गावांतून पाहुणे यायचे, दुकानं लागायची, आणि दुपारी तळ्याच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या, पटांगणात ‘लढाई’ व्हायची. गोंड राजा आणि त्याच्यावर चालून आलेला परका सेनापती यांची. दोन्हीकडे दहा-दहा माणसं, हातांत लाकडी तलवारी, अंगावर पुठ्ठ्याला सोनेरी कागद चिकटवून केलेली चिलखतं. शेवटी सेनापती पडायचा आणि लोक राजापुढे नारळ फोडायचे. राजा वर्षानुवर्षं एकच माणूस व्हायचा. तो ढीवर होता, तळ्यात आणि नदीत मासे धरायचा. उंच, रुंद खांद्यांचा, बोलायला अगदी कमी. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो जाळं फेकायचा तेव्हा पाळीवरून जाणारी माणसं थांबून बघायची. त्याच्या हातून सुटलेलं जाळं पुरतं गोल उघडूनच पाण्यावर पडायचं.

पहिल्या वर्षी ती लढाई पाहिली आणि मला हसू आलं. सेनापतीच्या मनगटावर घड्याळ होतं. राजाच्या छातीवरचा पुठ्ठा घामाने भिजून मध्येच गळून पडला, तर त्याने तो पायाने बाजूला सारला आणि लढत राहिला. मी इतिहास शिकवणारा माणूस. चांद्याच्या परकोटाच्या, जुन्या तटबंदीच्या सावलीत वाढलेला, आखाड्यात तलवार फिरवायला शिकलेला. मला तो पोरखेळ वाटला आणि मी तसं चारचौघांत बोलूनही दाखवलं. एकदा नाही, पुष्कळदा. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, गावची चार माणसं शाळेत आली.

“गुरुजी, यंदाची लढाई तुमीच बसवा,” त्यांतला वयस्कर माणूस म्हणाला. “आमची तुमाले पसंत पडत नाई, तं तुमची कशी रायते थे दाखवा.”

टोमणा होता, पण मी तो मान समजून घेतला. एकच अट घातली. या वेळी सगळं खरं पाहिजे. पुठ्ठा नको, सोनेरी कागद नको.

खऱ्याचा नमुना गावातच होता. एका शेतकऱ्याच्या देवघरात लोखंडी जाळीचा हातभर तुकडा होता. दसऱ्याला अवजारांबरोबर त्याचीही पूजा व्हायची. मी तो आदल्या दसऱ्याला पाहिला होता आणि पाहताक्षणी ओळखला होता. जुन्या चिलखताचाच तुकडा. एकेका कडीत चार-चार कड्या गुंतलेल्या आणि प्रत्येक कडीचं तोंड बारीक खिळा ठोकून बंद केलेलं. तळहातावर घेतला तर पाण्यासारखा बोटांवरून ओघळला. कितीतरी महिन्यांत मला कशाचीच इतकी ओढ वाटली नव्हती.

तो तुकडा मागून घेऊन मी लोहाराकडे गेलो. लोहार साठीचा, एका डोळ्याने अधू. विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ, गाडीच्या चाकांच्या धावा यांतच त्याचा जन्म गेलेला. त्याने तुकडा उजेडात धरला आणि बराच वेळ उलटसुलट करून पाहिला.

“हे कोणतं मशीन नाई, गुरुजी. हे मानसाच्या हातचं काम हाय,” तो म्हणाला. “पन एका जल्मात होनार नाई.”

“मी मदतीला येतो, भाऊ. सुट्टी लागते आहे.”

“आन घरी कोन जाते मंग?”

बायकोचं पत्र येऊन पडलेलं होतं, कधी येता म्हणून. मी चार दिवस चांद्याला जाऊन परत आलो. मुलगी ओळख विसरल्यासारखी आईच्या पदराआड उभी राहिली. बायकोने कारण विचारलं तेव्हा मी चिलखताबद्दल सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या.

आलापल्लीच्या लाकूड आगाराच्या कुंपणाची जुनी तार भंगारात निघाली होती. ती मी बैलगाडीत घालून आणली. लोहार ती तापवून नरम करायचा, सळईभोवती घट्ट गुंडाळायचा आणि मग छिन्नीने एका रेषेत तोडायचा. एका वेळी पन्नास-साठ कड्या जमिनीवर सांडायच्या. प्रत्येक कडीची दोन्ही टोकं ठोकून चपटी करायची, त्यांना भोक पाडायचं आणि दुसऱ्या कड्यांत गुंतवून खिळा मारायचा. खिळे मारणं माझ्याकडे होतं. पहिल्या आठवड्यात माझ्या डाव्या हाताची दोन नखं काळी पडली. भट्टीपुढे बसून घाम वाहायचा, अधूनमधून ताप चढायचा, तरी मी जायचो. वर्गात चार पावलं टाकायला कंटाळणारा मी, तिथे दिवसदिवस उकिडवा बसायचो.

महिनाभराच्या कामाने छातीएवढी जाळी तयार झाली आणि ती फळीसारखी ताठ निघाली. अंगाला लावली की वाकायची नाही. लोहाराने ती तीनदा उसवली, मी तीनदा नमुन्याशी ताडून पाहिली. चूक सापडेना. एके सकाळी त्या ढीवराची बायको कोयत्याला धार लावून घ्यायला आली. धार होईपर्यंत ती आमची जाळी बघत उभी होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“जमिनीवर ठेवून विनता काय हे?”

“हो, बाई. कसं विणायचं मग?”

“लटकवून विना ना. जाळं लटकवलं नाई तं त्याले अंग येत नाई. वजन खाली गेलं का भोक आपोआप उघडते.” तिने दोन बोटांनी एक कडी उचलून धरली. “आन ही ओळ उलटी गेली. इथी पाहा, हिचं तोंड पलीकडं पायजे.”

आम्ही आढ्याला काठी बांधून जाळी लटकवली, उलटी गेलेली ओळ काढली, आणि चिलखत मोकळं पडायला लागलं. त्यानंतर ती आठवड्यातून एकदोनदा यायची. काखेत जाळी कशी वाढवायची, गळ्याशी कशी आवळायची, हे तिनेच दाखवलं. फेकजाळं वरून अरुंद आणि खाली रुंद होत जातं, तशीच ही रीत होती. खरं सांगायचं तर त्या चिलखताची बेतणी तिची होती. गावात मी मात्र ते ‘माझं चिलखत’ म्हणूनच सांगत होतो.

पावसाळ्यात लोहाराला शेतीच्या अवजारांतून सवड नव्हती. रविवारी मी एकटाच खिळे मारत बसायचो. भाद्रपद सरता सरता काम पुरं झालं. गळ्यातून घालायचं, मांडीपर्यंत येणारं, अर्ध्या बाह्यांचं चिलखत. उचलायला धानाच्या लहान पोत्याएवढं जड. राजाला बोलावून ते अंगावर चढवलं. तो उभा राहिला, हात हलवून पाहिले आणि म्हणाला, “जमते.”

“वजन लागतं का?” मी विचारलं.

“लागते. पन तुमी एवढं केलं, तं घालतो.”

त्याची बायको शेजारी उभी होती. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून कड्या चाचपल्या. “आतून काय घालता याच्या?”

“सदरा आहे ना.”

“सदऱ्यावर लोखंड? गुरुजी, बैलाच्या खांद्यावर जू ठेवतो तं आपन त्याच्याखाली बी पोतं घालतो. मी रुई भरून एक बंडी शिवून देते. जाडी.”

मी नको म्हणालो. बंडी घातली की तो फुगलेला दिसेल, चिलखताचा आकार झाकला जाईल, असं मला वाटलं. तोंडाने मात्र वेगळं कारण दिलं. “देवघरातल्या तुकड्याला कुठे कापूस आहे, बाई? जुन्या लोकांनी घातला नाही, तो आपण का घालायचा? आपल्याला खरं करायचं आहे.”

“थो तुकडा किती सालाचा हाय थे कोनाले ठाव? कापूस उंदरानं खाल्ला असंन.”

लोहार हसला. मीही हसलो. ती हसली नाही. नवऱ्याकडे तिने एकदा पाहिलं आणि टोपली उचलून निघून गेली.

सेनापतीचं काम मी स्वतः घेतलं, कारण तलवारीचा हात गावात दुसऱ्या कुणाला नव्हता. लोहाराने गाडीच्या जुन्या धावेच्या लोखंडाच्या दोन बोथट तलवारी केल्या, पण त्या हातात पडल्या मंडईच्या आठ दिवस आधी. तोवर आम्ही काठ्यांनीच सराव केला होता. पहिला वार डोक्यावर, तो त्याने ढालीवर घ्यायचा. दुसरा बगलेला, तो त्याने मागे सरून चुकवायचा. तिसरा डाव्या खांद्यावर, तो पुन्हा ढालीवर. मग त्याने माझ्या छातीवर तलवार टेकवायची आणि मी पडायचं. लोखंडी तलवारींनी सराव दोनदाच झाला, तोही चिलखत न घालता, कारण धानाची कापणी सुरू होती आणि तोही दिवसभर लोकांच्या शेतात कापणी करून दमलेला असायचा.

मंडईच्या दिवशी ऊन कडक होतं. पाळीवर, झाडांवर, छकड्यांवर माणसंच माणसं. राजा पटांगणात उतरला आणि सगळे एकदम गप्प झाले. चिलखत उन्हात चकाकत नव्हतं. काळसर, तेलकट दिसत होतं आणि त्याच्या चालीबरोबर बारीक वाजत होतं. तशी शांतता मी त्या गावात आधी कधी ऐकली नव्हती. इतके महिने याचसाठी, असं मनात आलं.

पहिला वार त्याने ढालीवर घेतला. दुसरा चुकवताना त्याचं पाऊल जड पडलं. त्याच्या तोंडावरून घाम ओघळत होता आणि श्वास तोंडाने चालला होता. ते मला दिसलं. मी थांबू शकलो असतो. पण लोकांचा आवाज चढला होता, माझा हात वर गेला होता, आणि मला माझा वार खरा दिसायला हवा होता. तिसरा वार मी पूर्ण ताकदीने केला. त्याची ढाल निघाली, पण वजनाने अर्ध्यातच राहिली. तलवार खांद्यावर बसली. कड्या खणकन वाजल्या, आणि त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज आला. तो बहुधा आम्हा दोघांनाच ऐकू आला.

एकही कडी तुटली नाही. लोक टाळ्या पिटत होते.

त्याच्या हातातली ढाल खाली पडली. चेहरा राखेसारखा झाला. मी तलवार खाली घेऊन तसाच उभा राहिलो, पुढे काय करायचं ते सुचेना. त्याने एक पाऊल पुढे टाकलं, उजव्या हाताने तलवार उचलली आणि ठरल्याप्रमाणे माझ्या छातीवर टेकवली. तरीही मी उभाच.

“पडा आता, गुरुजी,” तो दातांतून हळूच म्हणाला.

मी पडलो. मातीत पडल्या पडल्या मला नारळ फुटण्याचे आवाज ऐकू येत होते. तो माझ्या डोक्याशी उभा होता, गावाकडे तोंड करून, तलवार वर धरून. लोकांचा जयजयकार संपेपर्यंत तो हलला नाही.

आम्ही त्याला मोहाच्या झाडाखाली नेलं. चिलखत काढायचं तर डोक्यावरून काढावं लागणार आणि त्याचा हात वर होत नव्हता. जरा उचलला की त्याच्या घशातून आवाज फुटायचा. गळ्याजवळचं हाड मोडून कातडीखाली टोकासारखं वर आलं होतं. पुढे पुष्कळ वर्षांनी एका मोठ्या शहरातल्या वस्तुसंग्रहालयात मी पुरं चिलखत पाहिलं. ते छातीवर उघडणारं होतं, बंदांनी बांधायचं, आणि त्याच्याशेजारी काचेत मळकट, जाडजूड, कापूस भरलेला डगला ठेवला होता. आमच्याजवळ फक्त एक तुकडा होता. त्यावरून बाकीचं मी ठरवलं होतं.

शेवटी लोहाराला कड्या तोडाव्या लागल्या. तो गळ्यापासून खाली एकेक कडी पकडीत धरून तोडत होता. “एवढं पक्कं काऊन केलं मी,” असं स्वतःशीच पुटपुटत होता. बायकोने नवऱ्याचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि पदराने त्याच्या डोळ्यांवर सावली केली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी कड्या गोळा करायला वाकलो, तेव्हा म्हणाली, “थे राहू द्या. गाडी जुंपा पहिले.”

अहेरीला पोचेस्तोवर रात्र झाली. सहा कोस मी गाडीबरोबर पायी चाललो. प्रत्येक खड्ड्याला तो दात आवळायचा. डॉक्टरांनी त्याचे दोन्ही खांदे मागे ओढून पट्टा बांधला आणि दोन महिने हात वर करायचा नाही असं बजावलं. कशाने झालं, म्हणून विचारलं. “पडलो,” तो म्हणाला. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, तर त्याने डोळ्यांनी मला गप्प केलं.

मंडईनंतर तळ्यांचं पाणी ओसरू लागतं. मासे धरायचे खरे दिवस तेच. घरात तीन लेकरं होती. मी पहाटे उठून त्याच्या बायकोबरोबर तळ्यावर जाऊ लागलो. आडवं जाळं ओढायला दोन माणसं लागतात. एका टोकाला ती, एका टोकाला मी. थंडगार पाण्यात माझे पाय बधिर व्हायचे, चिखलात रुतायचे. दोनदा तर माझ्याकडून जाळ्याचा खालचा काठ सुटला आणि सगळे मासे निघून गेले. शाळेत जायचो तेव्हा डोळे मिटत असायचे. पोरं आपसांत कुजबुजायची. दहाव्या दिवशी मला पुन्हा ताप भरला आणि मी पाण्यातच लटपटलो. तिने दंडाला धरून मला काठावर आणलं.

“तुमी नका येत जाऊ, गुरुजी,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच अवघड गेलं. “तुमच्यानं होत नाई. मले जाळं बी पाहा लागते आन तुमाले बी.”

मग तिचा भाऊ दुसऱ्या गावाहून आला. मला एवढंच काम उरलं की अहेरीच्या बाजाराच्या दिवशी माशांची टोपली सायकलवर बांधून तिच्या बहिणीच्या दुकानापर्यंत पोचवायची. तिथल्या शाळेतल्या एका ओळखीच्या मास्तरांनी मला तसं पाहिलं आणि नाकाला रुमाल लावून विचारलं, “हे काय चाललंय?” सांगायचा कंटाळा आला. “काही नाही,” म्हटलं आणि सायकल ढकलत पुढे गेलो.

एके दिवशी तो ओसरीत एकटा होता. पट्टा निघाला होता. मी त्याच्यासमोर बसलो आणि बरेच दिवस मनात घोळवलेलं बोललो. चूक माझी होती. तुमची बायको बंडीचं बोलली होती, मी ऐकलं नाही. आणि तुम्ही दमला होतात ते दिसूनही मी हात आवरला नाही.

तो काही वेळ खांदा चोळत राहिला. “थे बोलली तवा मी बी तिथीच होतो. मी तरी कुठी मनलो का बंडी पायजे?” मग जरासा लाजून म्हणाला, “मले बी राजा दिसाचं होतं, गुरुजी. नुस्तं लोखंड घातलेला.”

हाड जुळलं, पण वाकडं. डावा हात खांद्याच्या वर कधीच गेला नाही. जाळं फेकणं सुटलं. त्याने एकदोनदा प्रयत्न केला, ते अर्धवट उघडून, गोळा होऊनच पाण्यात पडलं. पाळीवर उभी असलेली माणसं तेव्हा दुसरीकडे पाहू लागली. पुढे तो नाल्याच्या तोंडाशी बांबूचे सापळे लावू लागला. त्यात मासा मिळायचा, पण त्या कामात आधीची शान नव्हती.

पुढच्या वर्षी कुणी मला लढाई बसवायला सांगितलं नाही. गावाने माझ्याशी बोलणं सोडलं असंही नाही. मुलं शाळेत येत होती, दिवाळीला पोह्यांची ताटं येत होती. फक्त तो विषय माझ्यापाशी निघत नसे. मंडईच्या दुपारी मी पाळीवर, गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिलो. राजा तोच होता, अंगावर सोनेरी कागदाचा पुठ्ठा. ढाल त्याने घेतलीच नव्हती. डावा हात कमरेच्या शेल्यात खोचून तो एकट्या उजव्या हाताने लढत होता, आणि लोकांना ते फार आवडलं, कारण त्यांना वाटलं, या वर्षी राजा जखमी दाखवला आहे.

त्याची बायको पुढे बसली होती, धाकट्याला मांडीवर घेऊन. ती हसत होती. मला उभं राहणं जड जाऊ लागलं. अंगात कणकण होती. सेनापती पडायच्या आधीच मी पाळ उतरून खोलीवर आलो, गोळी घेतली आणि घोंगडी ओढून पडून राहिलो. पटांगणातला गलका बराच वेळ ऐकू येत होता. दोन वर्षांनी बदलीचा हुकूम आला आणि मी चांद्याला, मुलीजवळ गेलो. तोवर ती सात वर्षांची झाली होती आणि मला ‘बाबा’ न म्हणता परक्यासारखं ‘अहो’ म्हणत होती.